राष्ट्रपतींच्या जागी वाघमारे

“पाठीवरून तर राष्ट्रपतीच वाटतायत,” सामंत फोनवर म्हणाला.

“ते वाघमारे आहेत,” मी म्हणालो. “आवक-जावक क्लार्क.”

“अरे, पण पाठीवरून?”

“पाठीवरून कोणीही वाटतं.”

सामंत आमच्या पेपरच्या मीरा-भाईंदर पानाचा प्रमुख आणि मी त्याच पानाचा फोटोग्राफर. दुपारचे तीन वाजले होते. मीरा रोडच्या एका नव्या सभागृहाच्या मागच्या जिन्यात मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. पान सहाला सुटणार होतं, आणि त्यातला मुख्य फोटो खोटा होता. खोटा म्हणजे, फोटो खरा होता. त्याखाली छापायची ओळ खोटी होती.

हे नीट कळायला आदल्या दिवसापासून सांगावं लागेल.

प्रेस फोटोग्राफीत मी तीस वर्षं काढली. त्यात राष्ट्रपतींचे पाच-सहा कार्यक्रम केले. त्यातले हे कोणते राष्ट्रपती आणि कोणतं वर्ष ते सांगत नाही, त्यांचा या भानगडीत काही दोष नाही. लोकांना वाटतं, राष्ट्रपती आले की आम्ही जातो, खटाखट फोटो काढतो आणि चहा पिऊन परत येतो. चहा मिळत नाही. आधी पोलिसांकडून चौकशी होते, मग पास येतो. कार्यक्रमाच्या दिवशी तीन तास आधी जाऊन बसायचं. दारात कॅमेरा खरंच कॅमेरा आहे हे सिद्ध करायला त्यांच्यासमोर एक फोटो काढून दाखवावा लागतो. माझ्याकडे सुरक्षारक्षकांच्या बुटांचा मोठा संग्रह आहे.

शिवाय ‘पूल’ नावाचा प्रकार असतो. स्टेजजवळ सगळ्यांना सोडत नाहीत. दोघातिघांनाच सोडतात, आणि त्यांनी काढलेले फोटो सगळ्या पेपरांना वाटायचे. त्या दिवशी पूलमध्ये आम्ही दोघं होतो. दुसऱ्या पेपरचा माणूस समोर, मी स्टेजच्या डाव्या पडद्याशी. म्हणजे त्याला राष्ट्रपतींचा चेहरा आणि मला पाठ. माझ्या जागेवरून सन्मान घेणाऱ्यांचे चेहरे मात्र छान दिसत होते.

कार्यक्रम एका ट्रस्टचा होता. सभागृहाचं उद्घाटन आणि अकरा शूर नागरिकांचा सन्मान. आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. राष्ट्रपतींच्या कार्यक्रमाची तालीम नाटकाच्या तालमीपेक्षा कडक असते. कोण कुठून येणार, कुठे थांबणार, किती पावलं टाकणार, सगळं ठरलेलं. स्टेजवर चिकटपट्टीच्या फुल्या मारतात. आणि राष्ट्रपतींच्या जागी एक माणूस उभा करतात.

हा माणूस साधारण त्याच उंचीचा, त्याच अंगाचा लागतो. नाहीतर माइक आणि लाइट चुकतात. बंदोबस्तासाठी आणि खुर्च्यांसाठी एका सरकारी ऑफिसातले पंधरा कर्मचारी मदतीला घेतले होते. (ऑफिसचं नाव लिहीत नाही. तिथे माझं अजून एक काम अडकलंय.) दिल्लीहून आलेल्या अधिकाऱ्याने त्यांना भिंतीशी ओळीत उभं केलं आणि बोट दाखवलं. “आप. आप कल तक राष्ट्रपती हैं.”

“नाही म्हणजे, आज संध्याकाळपर्यंतच ना?” वाघमारेंनी विचारलं. “सहा पंधराला माझी बस असते.”

वाघमारे मूळचे लातूरकडचे, राहायला नया नगरच्या कडेला. आवक-जावक टेबलावर बावीस वर्षं. म्हणजे ऑफिसात कोणाचाही, कोणत्याही खात्याचा अर्ज आला की आधी त्यांच्या हातात येणार. ते त्यावर शिक्का मारणार, नंबर टाकणार, रजिस्टरमध्ये लिहिणार आणि योग्य त्या खात्याला पाठवणार. टीव्हीवाल्यांना गडद कपड्यावर लाइट बघायचा होता, म्हणून त्यांना कोणाचा तरी काळा बंदगळा कोट घातला. तो त्यांना इतका चपखल बसला की ट्रस्टच्या एका विश्वस्तांनी नकळत नमस्कार केला. वाघमारेंनीही शांतपणे परत केला.

तालमीला अकराही जण कार्यक्रमाच्या कपड्यांत आले होते, तशी सूचनाच होती. दिल्लीवाल्याने शिकवलं, “बायां हाथ नीचे, दायां ऊपर. तीन सेकंड कॅमेरे की तरफ. पैर नहीं छूना. कुछ बोलना नहीं.” हे शेवटचं त्याने दोनदा सांगितलं.

सातव्या नंबरला मथुराबाई म्हात्रे होत्या. भाईंदरजवळच्या राई गावच्या, वय पासष्ट-सत्तर. खाडीवर मासेमारी करणारं घर. संध्याकाळी अंधार पडल्यावर जेट्टीजवळ एक होडी उलटली होती आणि या बाईंनी एकटीने आपली होडी घालून सहा जणांना ओढून काढलं होतं. हिरवं नऊवारी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, चेहऱ्यावर कसलंही दडपण नाही. वाघमारेंच्या हातून मानपत्र घेताना त्या त्यांच्याशी काहीतरी बोलल्या. दिल्लीवाला ओरडला, “माताजी, बोलना नहीं!” वाघमारेंनी मान वाकवून पुरतं ऐकून घेतलं. मी तो क्षण टिपला. फ्रेम सुरेख आली. म्हातारीचा चेहरा उजळलेला, तोंड अर्धवट उघडं, जणू हसतेय, आणि काळ्या बंदगळ्यातली झुकलेली पाठ.

संध्याकाळी तो फोटो मी सामंतला पाठवला, लाइट कसा पडतोय ते कळावं म्हणून. त्याने तो डमी पानात लावला. डमी पान म्हणजे पानाचा कच्चा आराखडा. उद्याचा खरा फोटो आला की हा काढून तो बसवायचा. डमीत सामंतने ओळही लिहून टाकली: ‘राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान स्वीकारताना राईच्या मथुराबाई म्हात्रे.’ घोडं आलं नव्हतं, पण खोगीर तयार होतं. यात नवीन काही नाही, आम्ही नेहमीच असं करतो. नेहमी दुसऱ्या दिवशी घोडं येतं.

दुसऱ्या दिवशी आकाश भरून आलं. हेलिकॉप्टर वेळेत परत उडायला हवं म्हणून चाळीस मिनिटांचा कार्यक्रम चौदा मिनिटांवर आला. राष्ट्रपतींनी पाटीवरचा पडदा सरकवला, दिवा लावला, तीन मिनिटं बोलले आणि पहिल्या तिघांना मानपत्रं दिली. मग राष्ट्रगीत झालं. चौथ्यापासून अकराव्यापर्यंतचे आठ जण आपापल्या फुल्यांवर बायां नीचे, दायां ऊपर करून उभे होते. गाड्यांचा ताफा निघून गेला तरी दोघांचे हात खाली आले नव्हते. नंतर ट्रस्टच्या माणसाने उरलेली मानपत्रं शाल आणि नारळासकट पिशवीत घालून ज्याची त्याला दिली.

म्हणून मी जिन्यात बसलो होतो आणि सामंतला वाघमारेंची पाठ राष्ट्रपतींची वाटत होती.

“पहिल्या तिघांचे फोटो पाठवलेत ना,” मी म्हणालो. “त्यातला लाव.”

“तिघांपैकी एक बोरिवलीचा, दोन वसईचे. मीरा-भाईंदरच्या पानावर वसई लावू? आपल्या हद्दीतली ती एकटी बाई आहे, कदम.”

“पण तिला राष्ट्रपतींनी काही दिलेलं नाही.”

“देणार होते. पावसाने घोळ घातला. त्यात त्या बाईची काय चूक?” मग म्हणाला, “तुझ्या कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलचा कागद माझ्या टेबलावर आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. सहज आठवलं.”

मी फोन ठेवला तर समोर देसाई मॅडम. ट्रस्टचं जनसंपर्काचं काम त्या बघायच्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“कदम, टेक्निकली बघा,” त्या म्हणाल्या. “स्टेज तेच. मानपत्र तेच. साडी तीच.”

“माणूस?”

“माणूस पाठमोरा आहे. आणि आठ जणांना परत पाठवलं अशी बातमी आली तर बरं दिसेल का? तुम्ही पूलचा फोटो म्हणून सोडलात तर सगळ्यांकडे तोच जाईल. कोण विचारणार?”

खरं सांगायचं तर मला ते पटत चाललं होतं. मी फाइल उघडली. ‘राष्ट्रपतींच्या’ एवढं टाइपही केलं. तीस वर्षांत मी माणसं इकडून तिकडे सरकवून उभी केलीत, मंत्र्यांना तीनतीनदा तीच रिबीन कापायला लावलीय, पण नसलेला माणूस फोटोत कधी घातला नव्हता. मला भीती दोन्ही बाजूंनी होती. सोडला तर पकडला जाईन, कारण प्रत्येक फाइलच्या पोटात तारीख आणि वेळ लिहिलेली असते. नाही सोडला तर नोकरी. दोन्ही भीती माझ्याबद्दलच्या होत्या. ज्या बाईचा फोटो होता तिचा विचार अजून माझ्या डोक्यात आलाच नव्हता. तो आला तोसुद्धा कामापुरताच, की राईला जाऊन तिचा मानपत्रासकट घरातला एक फोटो काढला तर सामंतचं तोंड बंद होईल.

स्कूटर काढली आणि उड्डाणपूल ओलांडून भाईंदर पश्चिमेला उतरलो. पाऊण तासाने राईत पोचलो. घर शोधावं लागलं नाही. गल्लीच्या तोंडाशीच मोठा बॅनर होता. ‘राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाल्याबद्दल मथुराआयचं हार्दिक अभिनंदन! समस्त ग्रामस्थ.’ मधे फोटोसाठी पांढरा चौकोन रिकामा सोडलेला. खाली सतरा शुभेच्छुकांचे चेहरे मात्र वेळेत आले होते.

आदल्या दिवशी तालमीला आईबरोबर आलेला मथुराबाईंचा मुलगा बॅनरखालीच उभा होता. मला बघून धावत आला.

“काका, तुमच्याकडं तो कालचा फोटू हाय ना? पाठमोरा? तो दिला तरी चालंल.”

“ते राष्ट्रपती नाहीत रे.”

“मना ठाव हाय. गावाला न्हाय ना ठाव. सकाळपास्ना लोक ईचारतान. आता काय सांगू, पिशवीत भरून दिला म्हनून?”

तो जवळजवळ रडकुंडीला आला होता. मला त्याचं वाईट वाटलं. एका दिवसात तीन माणसांनी मला तोच फोटो मागितला होता, आणि तिघांचीही अडचण खरी होती.

मथुराबाई ओट्यावर बसल्या होत्या. साडी बदललेली. मानपत्राची पिशवी खिळ्याला टांगलेली, आत नारळ तसाच. मी म्हटलं, “आई, मानपत्र हातात घेऊन एक फोटो काढू या.”

“नको.”

“राग आला का?”

“राग कनाचा? तो मानूस काय मुद्दाम गेला? त्याचा इमान व्हता.” त्यांच्या लेखी हेलिकॉप्टर आणि विमान एकच. “मना तो कागद नको व्हता, भाऊ. मना त्याला येकच गोष्ट सांगाची व्हती. तेवऱ्यासाठी गेलेली मी.”

“काय गोष्ट?”

“जेट्टीवर दिवा न्हाय.”

मी ओट्याच्या कडेला टेकलो. त्या पुढे बोलल्या.

“तवा सा जनांना काढला. कोन कुठं हाय, दिसतच नव्हता. आवाजावर गेली मी. येक पोर वरडत नव्हता, तो शेवटी घावला. दिवा असता तं होडी उलटलीच नसती. चार वर्सं सांगतंय आमी. आता म्हटला, येवरा मोठा मानूस येतंय, त्याच्या कानात घालू.” मग त्या जराशा हसल्या. “काल नीट सांगितला व्हता. त्या काल्या कोटवाल्याला.”

मी कॅमेरा काढला. मागच्या स्क्रीनवर आदल्या दिवशीची फ्रेम लावली आणि मोठी करून दाखवली. मथुराबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं.

“हा बग. हितं सांगतंय मी. ‘जेट्टीवर’ झालाय, ‘दिवा’ व्हायचाय.”

म्हणजे त्या हसत नव्हत्या. ज्या फ्रेमवर मी खूश होतो, त्यात काय चाललंय हे मला माहीतच नव्हतं. मला लाज वाटली. तिथेच ओट्यावरून मी वाघमारेंना फोन लावला. नंबर तालमीत घेतला होता, कॅप्शनला नाव लागलं तर असावा म्हणून.

“वाघमारे, काल त्या म्हाताऱ्या बाई तुम्हाला काही बोलल्या, आठवतं का?”

“आठवतं म्हणजे काय? आवक झालीय त्याची.”

“कसली?”

“निवेदनाची. तालीम संपल्यावर मी त्यांना बाजूला बसवलं. कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं, सही घेतली. आज सकाळी ऑफिसात जाऊन शिक्का मारला, नंबर टाकला आणि संबंधित खात्याला पाठवून दिलं. आता तीस दिवसांत त्यांना उत्तर द्यावं लागेल.”

“पण तुम्ही तर तेव्हा...”

“साहेब, कपडे राष्ट्रपतींचे होते. टेबल माझंच आहे ना.”

मी मथुराबाईंना सांगितलं. त्यांना आवक क्रमांक वगैरे कळलं नाही. एवढंच विचारलं, “म्हंजे त्यानं लिवलेला तो कागद बी तालमीचा नव्हता?” मी म्हटलं, नव्हता, खराच अर्ज होता आणि तो पुढे गेलाही. मग मी विचारलं, हा फोटो पेपरात टाकू का, पण खरं लिहून? राष्ट्रपती नाहीत, हे वाघमारे आहेत म्हणून? मुलगा मागून म्हणाला, “आये, गाव हसंल.”

“हसूंदे,” मथुराबाई म्हणाल्या. “दिव्याचा लिवशील ना पन?”

पाच वाजून दहा मिनिटांनी मी सामंतला फोटो पाठवला, ओळ बदलून: ‘रंगीत तालमीत राष्ट्रपतींच्या जागी उभे असलेले लिपिक वाघमारे यांना जेट्टीवर दिवा नसल्याचे सांगताना राईच्या मथुराबाई म्हात्रे. प्रत्यक्ष कार्यक्रमात वेळेअभावी त्यांना बोलता आले नाही.’

सामंतचा लगेच फोन आला. “ही काय ओळ आहे?”

“खरी.”

“पेपरात क्लार्कची पाठ छापू?”

“तू ती दुपारपासून छापतोच आहेस. फक्त नाव वेगळं होतं.”

तिकडून कीबोर्डचा आवाज येत होता. मग म्हणाला, “आठ कॉलम नाही मिळणार. दोन.”

फोटो दोन कॉलम छापून आला. सकाळी नऊपर्यंत तो मीरा रोडमधल्या सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत होता. आमच्या सिल्व्हर पार्कच्या ग्रुपवर मला तो चार जणांनी पाठवला, ‘ये देखा क्या?’ असं विचारून. लोक खूप हसले. हसता हसता दिव्याचंही वाचलं. ज्या खात्याची जेट्टी होती तिथे दुपारपर्यंत फोन सुरू झाले. खात्याने नेहमीप्रमाणे ‘आमच्याकडे असा अर्जच नाही’ असं सांगितलं. मग वाघमारेंचा आवक क्रमांक निघाला.

त्याचे परिणाम सर्वांना आपापल्या वाट्याने मिळाले. देसाई मॅडमनी मला पुन्हा कुठल्या कार्यक्रमाला बोलावलं नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट वर्षाऐवजी सहा महिन्यांनी वाढलं. सामंत म्हणाला, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. वाघमारेंना कारणे दाखवा नोटीस आली. ‘अधिकार नसताना राष्ट्रपतींच्या भूमिकेत असताना निवेदन स्वीकारल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये?’ त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: ‘निवेदन सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी, बंदगळा परत केल्यानंतर स्वीकारले.’ त्या उत्तराचीही त्यांनीच आवक केली. पुढे काही झालं नाही.

दिव्याला पाच महिने लागले. खांब आधी आला, मग नुसती वायर, मग पुन्हा बराच काळ काही नाही, आणि एक दिवस दिवा. मथुराबाईंच्या मुलाने फोन करून सांगितलं. मी गेलो नाही. दिव्याच्या खांबाचा फोटो कोण छापतो?

पण त्या आठवड्यात मी घरी बसून जुन्या हार्ड डिस्क उघडल्या. आमच्या धंद्यात एक नियम आहे. फोटो निवडताना डोळे मिटलेले आणि तोंड उघडं असलेल्या फ्रेम आधी उडवायच्या. माणूस बोलताना वाईट दिसतो. तीस वर्षांतले समारंभ मी एकेक करून पाहिले. हार, शाली, मानपत्रं, हजारो माणसं, आणि सगळ्यांची तोंडं मिटलेली. त्यांच्यातलं कोणी काही सांगत होतं का, ते आता मला कळायला मार्ग नाही. त्या फ्रेम मीच उडवल्या होत्या.